मुलीच्या डोळ्यांची तपासणी, अनुभव चांगला, फक्त वेटिंग फार

मुलगी ७ वर्षांची, कधी तक्रार नाही म्हणून मी पण निवांत होते, पण शाळेतल्या तपासणीत एकेक डोळा झाकून वाचायला लावलं तेव्हा कळलं की डाव्या डोळ्याने तिला खालच्या ओळी दिसतच नाहीत. मग या क्लिनिकला नेलं. ड्रॉप्स टाकून नंबर काढला, कारण मुलं फोकस करायला डोळ्यावर जोर देतात आणि नंबर चुकतो, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. लेझी आय निघाला, म्हणजे लहानपणी एका डोळ्याची नजर नीट तयार न होता कमजोर राहते ते. आता चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी. ड्रॉप्स झोंबतात आणि नंतर कितीतरी तास जवळचं धूसर दिसतं हे मात्र आधी सांगायला हवं होतं, पोर घाबरली ना! तरी डॉक्टर इतकं प्रेमाने बोलले की दुसऱ्या वेळी ती स्वतःच आत पळाली.