टॅग रीडरचं आउटपुट: हेक्स, बायनरी की जेसन?

आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा बिल्ला) वाचणाऱ्या रीडरच्या सेटिंगमध्ये आउटपुट फॉरमॅटची यादी उघडण्याआधी वायरच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघा: पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर), साधा पीसी की सर्व्हर. रीडरला काय काय पाठवता येतं, याला फारसा अर्थ नाही. घेणाऱ्याला काय पचतं, त्यावर सगळं ठरतं.

बहुतेकांची खरी निवड असते हेक्स ओळ (०-९ आणि ए-एफ या चिन्हांचा मजकूर) आणि बायनरी फ्रेम (कच्च्या बाइटांचं पाकीट) यांत. हेक्समध्ये प्रत्येक बाइटची दोन अक्षरं होतात. म्हणजे ९६ बिटांच्या ईपीसीची (टॅगमधल्या आयडीची) २४ अक्षरं, शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन चिन्हं) धरून २६. बायनरीत तोच आयडी १२ बाइटांत मावतो. ९६०० बॉडला (सिरियल पोर्टच्या वेगाला) सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, म्हणजे हेक्सच्या साधारण ३६ ओळी. यूएचएफ (लांबून वाचणारा) रीडर टॅगांच्या गर्दीत सेकंदाला शेकडो वेळा टॅग वाचू शकतो, तेव्हा पोर्ट तुंबणारच. पण एवढ्यासाठी बायनरीकडे धावू नका. बॉड रेट १,१५,२०० केला की त्याच ओळी चारशेच्या वर जातात. शिवाय एकच टॅग पुन्हापुन्हा पाठवणं रीडरमध्येच बंद करता येत असेल, तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

बायनरीची खरी जमेची बाजू वेगळीच आहे. तिच्या फ्रेममध्ये सहसा लांबी आणि सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) असतो. हेक्स ओळीत गोंगाटामुळे ३ चा ७ झाला, तर ओळ दिसायला चोख आणि आयडी दुसऱ्याच टॅगचा! मोटरी-ड्राइव्हच्या शेजारून लांब केबल जात असेल तर हा मुद्दा जड आहे. उलट, बायनरी घेताना ‘०डी (म्हणजे सीआर) आला की संपलं’ असा प्रोग्राम चालत नाही. ०डी हा बाइट टॅगच्या आयडीतही असू शकतो, आणि मग नेमका तोच टॅग अर्धा वाचला जातो. हेक्समध्ये ही कटकट नाही. टर्मिनल उघडलं की बिघाड डोळ्यांना दिसतो. माझा कल म्हणून हेक्सकडेच, आणि चेकसमची (तशाच तपासणी-आकड्याची) सोय असेल तर ती चालू करून.

दशमान आउटपुट मात्र टाळाच. १ए २बी ३सी ४डी हा चार बाइटांचा यूआयडी (टॅगचा स्वतःचा क्रमांक) घ्या. सरळ वाचला तर ४३९०४११०१, बाइट उलटे धरले तर १२९५७८८८२६, आणि २६ बिटांच्या विगंडमधून (दारावरच्या कार्ड रीडरांची जुनी जोडणी) शेवटचे तीनच बाइट गेले तर ४३ आणि १५४३७. टॅग एकच, नोंदी तीन, आणि प्रत्येक रीडर आपल्या जागी बरोबर! हेक्समध्ये निदान उलटापालट झालेली लगेच ओळखू येते. (हेक्सची फाइल एक्सेलमध्ये उघडताना तेवढा कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर १२३४५ई६७ सारखा आयडी घातांकात जातो.)

पीएलसीला मॉडबसने (कारखान्यातल्या उपकरणांची संवादपद्धत) जोडणार असाल तर ईपीसीला १६ बिटांचे सहा रजिस्टर (आकडे ठेवायचे खाने) लागतात. मजकूर जुळवण्यापेक्षा हे सोपं, फक्त रजिस्टरमध्ये जुनाच आयडी बसून राहतो. तोच टॅग परत आला हे कळायला सोबत वाचन-काउंटर हवाच.

कीबोर्ड वेज टेबलावरच्या कामापुरता ठीक. कर्सर जिथे असेल तिथे आयडी टाइप होतो, त्यामुळे बिनमाणसाच्या लाइनवर नको.

जेसन (नाव आणि मूल्य जोडीने लिहिलेला मजकूर) जड आहे, पण अँटेना क्रमांक, वेळ, सिग्नलची ताकद हे सगळं नावासकट येतं. सर्व्हर आणि एमक्यूटीटी (नेटवर्कवरून संदेश पोचवण्याची पद्धत) असेल तर दुसरा विचार करायची गरज नाही. फक्त आयडी अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवा. आयएसओ १५६९३ या टॅग-मानकाचा यूआयडी ६४ बिटांचा असतो आणि जावास्क्रिप्टमधला साधा आकडा ५३ बिटांपर्यंतच अचूक राहतो. त्यापुढे शेवटचे अंक गुपचूप बदलतात, एररही येत नाही.