‘ओपन बीटा’च्या नावाखाली झालेली विक्री: सावध राहण्यासाठी एक अनुभव

एखाद्या ऑनलाइन खेळावर ‘ओपन बीटा’, म्हणजे सर्वांसाठी खुली असलेली चाचणी आवृत्ती, अशी पाटी असेल आणि त्याच खेळात खऱ्या पैशांचे दुकानही उघडलेले असेल, तर तिथे पैसे देण्यापूर्वी आमचा अनुभव जरूर विचारात घ्यावा. यात आमच्या घरातले पैसे गेलेच, पण माझ्या भाच्याच्या मित्रमंडळींपैकी ज्यांनी खाऊचे पैसे साठवून खरेदी केली होती, त्यांचेही गेले, आणि त्याची खंत मला अधिक आहे.

मी अंधेरीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो. भाचा मुलुंडला राहतो आणि माटुंग्याच्या महाविद्यालयात शिकतो. संघ करून खेळायचा नेमबाजीचा एक नवा खेळ त्याच्या वर्गात गाजत होता. खेळ मोबाइलवर फुकट उतरवून घेता येत असे. मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘फाउंडर्स पॅक’ विकत घेणाऱ्यास तो इतरांच्या आधी खेळता येई आणि सोबत एक पोशाख, खेळातले चलन व नावापुढे झळकणारे सोनेरी चिन्ह मिळे. किंमत होती २,४९९ रुपये. “मामा, हे चिन्ह फक्त बीटामध्येच मिळतंय, नंतर मिळणार नाही,” असे भाच्याने सांगितले आणि मी वाढदिवसाची भेट म्हणून यूपीआयने पैसे भरले. पॅकच्या पानावर किमतीच्या वरच ठळक अक्षरांत लिहिले होते की, या वस्तू तुमच्या खात्यावर कायम राहतील.

खेळाची अवस्था कच्ची होती, आणि बीटामध्ये तसे असणे मला गैर वाटले नाही. संध्याकाळी लॉगिनसाठी ताटकळावे लागे, सामना जिंकूनही निकालाची नोंद होत नसे, एका नकाशातल्या गोदामाच्या जिन्यावरून पात्र थेट जमिनीखाली जाई. जिन्याचा तो दोष मी माझ्या कामाच्या शिस्तीने लिहून कळवला: फोनचे मॉडेल, नेटवर्कचा प्रकार, कोणत्या पायरीवर नेमके काय होते, आणि पडद्याची चित्रे. पोच आपोआप आली, त्यापुढे काहीही आले नाही आणि खेळ बंद होईपर्यंत तो जिना तसाच राहिला. दुकान मात्र दर शुक्रवारी नव्या पोशाखांनी सजत होते, दिवाळीची सवलत वेळेवर लागली, आणि पैसे भरताना व्यवहार अडकल्याची तक्रार भाच्याच्या मित्रांपैकी कोणीही कधी केली नाही. चाचणीसाठी सोडलेल्या उत्पादनात पैसे घेणारा भाग तेवढा तयार असेल आणि दोष नोंदवून घेणारा भाग मृतवत असेल, तर तिथे चाचणी चाललेलीच नाही, हे मी माझ्या व्यवसायाच्या आधारावर ठामपणे सांगू शकतो.

मग एका सकाळी सूचना आली की बीटाचा टप्पा संपला आहे, पुढील विकास थांबवण्यात येत आहे, महिनाअखेरीस सर्व्हर बंद होतील आणि खरेदी केलेल्या वस्तू व शिल्लक चलन रद्द समजले जाईल. आदल्या रात्रीपर्यंत सवलतीची विक्री चालू होती. माझ्या लेखी ही फसवणूक आहे ती मुख्यतः याच कारणाने. परताव्यासाठी पाठवलेल्या मेलला उत्तर आले की उत्पादन चाचणी अवस्थेत होते आणि तशा अटी आपण मान्य केल्या होत्या. अटींच्या बऱ्याच आतल्या परिच्छेदात खरोखरच लिहिलेले होते की सेवा कधीही, पूर्वसूचनेविना बंद होऊ शकते आणि वस्तू विकल्या जात नसून फक्त वापरण्याचा परवाना दिला जातो. विकताना ‘कायम’ आणि परत मागताना ‘चाचणी’, अशी एकाच कंपनीची दोन विधाने माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत.

बीटाची जुनी रीत वेगळी होती. निवडक लोकांना बोलावले जाई, त्यांच्याकडून पैसे घेतले जात नसत, सर्व्हर किती ताण सोसतात ते पाहिले जाई आणि शेवटी सगळ्यांची प्रगती पुसली जाई. पुढे खेळ अपुरा असतानाच विकण्याची प्रथा पडली, आणि ती सरसकट वाईट होती असेही नाही. माइनक्राफ्ट २० डिसेंबर २०१० रोजी बीटामध्ये आला तेव्हा तो आधीच विकला जात होता, आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी तो पूर्ण स्वरूपात आला तेव्हा आधी विकत घेणाऱ्यांना तो पुन्हा घ्यावा लागला नाही. मार्च २०१३ मध्ये स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानाने अपुऱ्या खेळांच्या विक्रीसाठी अर्ली अ‍ॅक्सेस ही स्वतंत्र व्यवस्था सुरू केली. तिच्यात डिसेंबर २०१३ मध्ये आलेला डे-झी पूर्ण व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. ‘द डे बिफोर’ हा खेळ ७ डिसेंबर २०२३ रोजी याच वाटेने विक्रीला आला, चारच दिवसांत त्याच्या निर्मात्या कंपनीने गाशा गुंडाळल्याचे जाहीर केले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. तिथे ग्राहकांना पैसे परत मिळाले, कारण व्यवहार स्टीमच्या दुकानातून झाले होते. भारतात जून २०२१ मध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा खेळ पूर्वप्रवेशासाठी खुला झाला, तेव्हा या काळातील खरेदी अंतिम आवृत्तीत टिकेल असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. असे स्पष्ट लेखी आश्वासन नसेल, तर बीटामध्ये रुपयाही खर्च करू नये, असे माझे मत आहे.

पैसे कुठे भरता यालाही महत्त्व आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास परतावा मागता येतो. गूगल प्लेवर पहिल्या ४८ तासांत तशी विनंती करता येते. आम्ही थेट कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरले होते, त्यामुळे मध्ये कोणीच नव्हते. बँकेने सांगितले की व्यवहार आम्ही स्वतः मंजूर केलेला असल्याने तो उलटवता येणार नाही. १९३० हा क्रमांक सायबर आर्थिक गुन्ह्यांसाठी आहे. खात्यातून पैसे चोरीला गेले किंवा बीटाच्या नावाने बनावट एपीके (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवण्याची फाइल) गळ्यात मारली गेली, तर तिथे तातडीने कळवावे. आमची तक्रार सेवेतील अनुचित व्यवहाराची असल्याने मी ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवली.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत आणि त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निराकरण देणे बंधनकारक आहे. आमच्या कंपनीने अशा अधिकाऱ्याचे नावच कुठे दिलेले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो, आणि वस्तू वा सेवेसाठी पाच लाखांपर्यंत रक्कम भरलेली असल्यास तक्रारीस शुल्क नाही. त्यामुळे भाच्याचे दोन मित्र व मी मिळून कागद तयार करत आहोत.

त्यात एक अडचण अशी आली की, मुलांच्या खरेदीची यादी फक्त खेळाच्या आत दिसत होती आणि सर्व्हर बंद झाल्यावर ती उघडेनाशी झाली. आता एकेकाच्या बँक विवरणातून नोंदी काढाव्या लागत आहेत. बंद होणाऱ्या खेळात तुमचे पैसे अडकले असतील, तर खरेदीची यादी, पॅकच्या विक्रीचे पान आणि त्या दिवशीच्या अटी, या तिन्हींची तारखेसह दिसणारी चित्रे आजच काढून ठेवा.