जुना टॅब + वाय-फाय आयआर ब्लास्टर : हॉलमधल्या सगळ्या वस्तूंना एकच रिमोट (वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

आधी निकाल सांगून टाकते. कपाटात पडून असलेला जुना अँड्रॉइड टॅब आणि ऑनलाइन हजार-दीड हजाराच्या आसपास मिळणारा वाय-फाय आयआर ब्लास्टर (वाय-फायवरून निरोप घेऊन रिमोटसारखाच आयआर म्हणजे इन्फ्रारेड संकेत सोडणारी छोटी डबी), एवढ्यावर आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलमधला एसी, पंखा, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार असं सगळं चालतंय. एसी आणि पंख्यासाठी पाचपैकी पाच, टीव्हीसाठी तीन, आणि घरात वयस्कर माणसं असतील तर माझ्याकडून अजून एक मार्क वरती.

ब्लास्टर वेगळा का घ्यावा लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिमोटच्या पुढच्या टोकाला असतो तो इन्फ्रारेड एलईडी बहुतेक टॅबमध्ये नसतो, म्हणून नुसतं ॲप टाकून काही होत नाही, आणि प्ले स्टोअरवर "ऑल टीव्ही रिमोट" म्हणून जी ढीगभर ॲप्स दिसतात ती एकतर तुमच्या फोनमध्ये आयआर आहे असं धरून चालतात नाहीतर वाय-फायवरच्या स्मार्ट टीव्हीपुरतीच चालतात. एक काळ असा होता की कंपन्या हे आतच बसवून द्यायच्या. २००९ च्या नोकिया एन९०० मध्ये आयआर होता, २०११ मध्ये सोनी टॅब्लेट एस आणि सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ७.० प्लस दोन्ही आयआर घेऊन आले, आणि २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ मध्ये गूगलने आयआरसाठी सोय थेट सिस्टीममध्येच दिली. पुढे टॅबमधून ते हळूहळू गायबच झालं, रेडमीसारख्या काही फोनांनी तेवढं टिकवून ठेवलंय. आणि लॉजिटेकचे हार्मनी रिमोट, जे या कामासाठी जगभर लोक घ्यायचे, ते बनवणं कंपनीने २०२१ मध्ये थांबवलं. त्यामुळे आता स्वस्तात करायचं तर टॅब आणि ब्लास्टर हीच जोडी.

काम कसं होतं तर टॅबवर बटण दाबलं की निरोप वाय-फायने ब्लास्टरला जातो आणि ब्लास्टर खोलीत चारी बाजूंना इन्फ्रारेड फेकतो. म्हणजे टॅब टीव्हीच्या दिशेने धरायची गरज नाही, स्वयंपाकघरातून पंखा बंद करता येतो, पण ब्लास्टर आणि वस्तू एकमेकांना दिसल्या पाहिजेत. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही, शोकेसच्या लाकडी दारातूनही नाही. बेडरूममधल्या एसीला दुसरा ब्लास्टर लागणारच, त्यात पळवाट नाही.

खरेदीआधी एक गोष्ट नक्की करा. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट आयआरचा, ब्लास्टरला जमेल. काहीच दिसलं नाही (आणि सेल चांगले आहेत) तर तो बहुतेक ब्लूटूथ किंवा रेडिओचा. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, ब्लास्टर त्याला काही करू शकत नाही, त्याचं वेगळं ॲप टॅबवर टाकावं लागतं. काही बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यांचे रिमोटही रेडिओचे असतात, तर पंखा नवीन घेणार असाल तर दुकानात हे विचारूनच घ्या.

सेटअपमध्ये अडायला होतं ते वाय-फायच्या नावावर. हे ब्लास्टर जवळपास सगळे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात आणि आपले हल्लीचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात, मग ॲप फिरत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीला वेगळी नावं द्या, टॅब तेवढ्यापुरता २.४ वर जोडा, ब्लास्टर जोडला जातो. बाकी ॲप सोपंय.

आता एसीबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवायचं बटण दाबलं की "आवाज वाढव" एवढाच एक कोड जातो. एसीच्या रिमोटचं तसं नसतं, तिथे दर वेळी अख्खी स्थिती जाते, म्हणजे चालू की बंद, कूल की ड्राय, २४ की २६, पंख्याचा वेग, झडप हलती ठेवायची की नाही, हे सगळं एकाच निरोपात. म्हणूनच तर रिमोटवर छोटा पडदा असतो, आकडे रिमोट स्वतःच लक्षात ठेवतो. याचा अर्थ असा की एसीची बटणं एकेक करून शिकवण्यात (म्हणजे मूळ रिमोट ब्लास्टरसमोर धरून त्याचा कोड नोंदवून घेण्यात) काही हशील नाही. ॲपच्या यादीतून आपल्या कंपनीचा रिमोट निवडायचा, आणि एकाच कंपनीखाली पाच-दहा कोड सेट असतात ते एकेक लावून बघायचे. फक्त चालू-बंद झालं म्हणून लगेच थांबू नका! टेंपरेचर, ड्राय मोड, झडप सगळं तपासा, आमच्याकडे एका सेटवर बाकी सगळं व्यवस्थित होतं आणि झडपच हलत नव्हती.

पण एकदा बरोबर बसलं की काय सुख आहे. मे महिन्यात आमच्याकडे रात्री घाम आणि पहाटे गारठा, तर आता ११ ला कूल २५, दोनला २७, साडेचारला एसी बंद आणि त्याच मिनिटाला पंखा तीनवर, हे सगळं ठरवून ठेवलंय आणि कुणी उठत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी तासभर ड्राय मोड, कपाटातल्या कपड्यांना वास येत नाही. एसीच्या स्वतःच्या टायमरमध्ये पंखा आणि एसी एकमेकांशी असे जोडता येत नाहीत, इथे येतात, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते याच एका गोष्टीसाठी. एवढंच की मध्येच कुणी मूळ रिमोटने एसी बदलला तर ॲपला ते कळत नाही, टॅबवर २५ दिसत राहतं आणि एसी २२ वर असतो. निरोप एकाच दिशेने जातो, उत्तर येत नाही, सगळ्या आयआरचं हेच आहे.

टीव्हीला तीन मार्क का ते सांगते. काचेवर बोटाला बटण लागत नाही, मॅच बघताना नजर टॅबवर न्यावी लागते. आवाज वाढवायला बटण दाबून धरलं तरी बऱ्याच ॲपमध्ये एकदाच जातं, परत परत टॅप करावं लागतं, आणि प्रत्येक टॅपला क्षणभर उशीर. शिवाय बहुतेक टीव्हींना चालू आणि बंदचं बटण एकच. "सिनेमा" नावाचा सीन (एका टॅपवर अनेक बटणं दाबणारा) करून टीव्ही, साउंडबार आणि एचडीएमआय इनपुट एकदम लावलं, तर टीव्ही आधीच चालू असेल तेव्हा तो बंद होतो. काही वस्तूंत अजून एक भानगड असते, फिलिप्सच्या आरसी-५ या रिमोट-कोडच्या पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला कोडमधलं एक बिट (० किंवा १) उलटतं, त्यावरून वस्तूला कळतं की बटण पुन्हा दाबलंय की नुसतं दाबून धरलंय. शिकवलेला कोड मात्र दर वेळी तोच जातो. म्हणून चॅनलचा १ दाबून परत १ दाबला तर ११ लागतच नाही. अशा ठिकाणी शिकवण्यापेक्षा यादीतला तयार रिमोट घ्या, तिथे हा त्रास सहसा नसतो.

आईबाबांसाठी मात्र मी मनापासून शिफारस करेन. शिकवलेल्या बटणाला नाव आपण देतो, तर मराठीत द्या, "पंखा हळू", "एसी बंद", "बातम्या". बाबांना एसीच्या रिमोटवरची ती बारीक इंग्रजी अक्षरं चष्मा लावूनही वाचता यायची नाहीत, आता ते रात्री कुणाला हाक मारत नाहीत, स्वतः करतात, आणि मला यातलं सगळ्यात जास्त समाधान याचं आहे. अँड्रॉइड ५ पासून स्क्रीन पिन करायची, म्हणजे एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवायची सोय आहे, ती लावून ठेवा म्हणजे चुकून दुसरं काही उघडत नाही. मात्र फार जुना टॅब असेल तर नवीन ॲप इन्स्टॉलच होत नाही, तेव्हा ब्लास्टर मागवायच्या आधी ॲप टाकून बघा.

लाइट गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की हा रिमोटही बंद, तेव्हा इन्व्हर्टर असेल तर पंख्याबरोबर राउटर आणि ब्लास्टरही त्याच्यावर घ्या. बऱ्याच स्वस्त ब्लास्टरचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो, म्हणजे नुसतं इंटरनेट गेलं तरी अडतं. ज्यांना थोडी खटपट आवडते त्यांनी ब्रॉडलिंक कंपनीचा ब्लास्टर घेऊन रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातल्या वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर चालवावं, निरोप घरातल्या घरात राहतो.

टॅब चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगू शकते, आणि फुगलेली बॅटरी खरंच धोकादायक असते. आम्ही स्मार्ट प्लगवर दुपारी दोन तास चार्जिंग ठेवलंय, तेवढं दिवसभर पुरतं. जुने रिमोट फेकू नका, सेल काढून एका डब्यात ठेवा (सेल आत राहिले की गळतात आणि स्प्रिंग गंजते), कोड परत शिकवायची वेळ आली की तेच लागतात. एसीचा रिमोट मात्र सेलसकट भिंतीवरच लटकू दे, सर्व्हिसिंगला येणारा मेकॅनिक पहिल्यांदा तोच मागतो.