सी मधला प्रिंटएफ: आकड्यांना पाच तारे, म्हशीला दोन

दूध संस्थांना पावतीचे प्रोग्रॅम लिहून देतो, तेही सी या प्रोग्रॅमिंग भाषेत. संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर जुनाट, आणि सकाळी किटल्या घेऊन रांगेत उभी माणसं सॉफ्टवेअर उघडायची वाट बघत नाहीत. त्यामुळे प्रिंटएफ, म्हणजे ठरवलेल्या मांडणीत शब्द आणि आकडे छापणारी सी मधली आज्ञा, हा रोजचा सोबती.

५८ मिमीच्या थर्मल रोलवर नेहमीच्या फाँटात ओळीला ३२ अक्षरं बसतात. माझी वाटणी अशी: जनावर ८, लिटर ६, फॅट ५, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ५, रक्कम ८. टक्क्याच्या चिन्हापुढे वजा आठ एस लिहिलं की शब्द डावीकडे चिकटतो, आठ पॉइंट दोन एफ लिहिलं की रक्कम उजवीकडे सरकते आणि दशांशचिन्हं एकाखाली एक येतात. ८० मिमीचा रोल लावला तर ४८ अक्षरं. तिथे रुंदीच्या जागी फुली, म्हणजे तारांकन, टाकून आकडा बाहेरून द्यायचा, प्रोग्रॅम तोच.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की रुंदी कमी पडली तर प्रिंटएफ आकडा छाटत नाही. बिल लाखावर गेलं तर १०००००.०० ला नऊ घरं लागतात, मग ओळ बिघडते, पण पैसे पूर्ण छापले जातात. फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा अशा वेळी आकड्याऐवजी नुसते तारे छापते. ते शेतकऱ्याच्या हातात कोण देणार?

आता तक्रार. प्रिंटएफ अक्षरं मोजत नाही, बाइट, म्हणजे साठवणीची घरं, मोजतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'गाय' म्हणजे ९ बाइट, 'म्हैस' म्हणजे १५. डोळ्यांना दोन्ही दोन-दोन अक्षरी! आठच्या रकान्यात दोन्ही आधीच 'भरलेले', म्हणून एकही रिकामी जागा मिळत नाही. रकाना सोळाचा केला तर गाईमागे सात जागा, म्हशीमागे एक, म्हणजे पुढचे लिटर वाकडेच. पॉइंटपुढे बाइटची मर्यादा देऊन शब्द छाटायला जावं तर अक्षर मधोमध तुटून कचरा उमटतो. रुंद अक्षरांचा डब्ल्यूप्रिंटएफ बाइटऐवजी कोड मोजतो, पण म्हशीतला हलंत आणि मात्राही वेगळ्या धरतो. तेव्हा तोही कामाचा नाही.

इंग्रजी पावतीला डोळे झाकून वापरा. स्क्रीनवर मराठी हवंच असेल तर आकडे आधी छापा आणि मराठी शब्द ओळीच्या शेवटी टाका. तिथे मागे जागा भरायचीच नसते.