घरी येऊन घोडीची आयाळ नीट करून देणारे मामा : एक अनुभव

आमच्या काठियावाडी घोडीची आयाळ यंदाच्या पावसाळ्यात इतकी गुंतली होती, की दसऱ्याच्या आत ती एखाद्या जाणकाराच्या हातून नीट करून घेण्यावाचून इलाज उरला नव्हता. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे, गगनबावडा रस्त्याला आमचे शेत आहे आणि घोडी तिथेच असते. रंकाळ्यावर घोडी फिरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने घरी येऊन हे काम करणाऱ्या गृहस्थांचा नंबर दिला. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून येथेही तसेच लिहितो.

मामा ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आले. फोन नाही, निरोप नाही, आणि घोडी तोवर उन्हात बांधून ठेवलेली.

काम सुरू केल्यावर मात्र त्यांनी घाई केली नाही. कात्रीला हात लावण्याआधी पाऊण तास ते नुसत्या गाठी सोडवत होते. ओढ कातडीपर्यंत पोहोचू नये म्हणून प्रत्येक बट मुळाशी मुठीत आवळून धरायची आणि फणी टोकापासून सुरू करून थोडी थोडी वर न्यायची, अशी त्यांची पद्धत. मी आजवर खराऱ्यानेच आयाळ ओढत आलो होतो, हे सांगताना ओशाळायला झाले. “खरारा अंगाला, आयाळीला न्हाई. केस तुटतो, आणि जनावर फणी बघितली की मान वर करायला शिकतं,” एवढेच ते म्हणाले. मानेच्या मध्यावर, जिथे आयाळ सर्वांत दाट आहे, तिथे बोटांनी चाचपताना त्यांना रुपयाएवढी खपली सापडली. दाट आयाळ पावसात भिजली की खालच्या कातडीला वारा लागत नाही आणि ओल तिथेच राहते. घोडी कुंपणाला मान घासत होती ती या जागेपायी, आणि आम्ही ती तिची खोड समजत होतो! मामांनी स्वतःजवळचे काही न लावता ती जागा डॉक्टरांना दाखवायला सांगितले, हे मला विशेष आवडले.

आयाळ पातळ करताना खालचे लांब केस फणीला गुंडाळून उपटण्याची जुनी पद्धत आहे. ती नको, असे मी सांगताच त्यांनी दातेरी कात्री काढली. आडव्या कात्रीने एका रेघेत कापलेली आयाळ झाडूसारखी दिसते, म्हणून टोके त्यांनी कात्री उभी धरून विरळ केली. कपाळावरची झुलपे डोळ्यांत जाणार नाहीत, पण माश्या हाकलायला पुरतील, इतकीच कमी केली. वरातीसाठी आयाळीत गोंडे ओवायचे असतील, तर लांबी किती ठेवायची ते मात्र आधीच स्पष्ट सांगावे.

माझी खरी तक्रार कानांमागच्या जागेची आहे. लगामाचा पट्टा केसांत अडकू नये म्हणून तिथे दोन बोटे जागा मोकळी करायला सांगितली होती. केस कापायचे मशीन तीन बोटांपर्यंत गेले. तिथले केस परत आडवे पडायला कित्येक महिने लागतात आणि तोवर ते ब्रशासारखे उभे राहतात. मशीन आधी लांब धरून घोडीला त्याचा आवाज ऐकवणे, मध्ये थांबून पाते तापले का ते हाताला लावून पाहणे, हे सगळे त्यांनी केले. चुकले ते फक्त माप. तोंडावरचे लांब केस काढू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. डोळ्यांना न दिसणारे नाकाखालचे अन्न आणि अडथळे घोडा त्या केसांनी चाचपतो, आणि ते कापलेल्या घोड्याला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत 1 जुलै 2021 पासून उतरता येत नाही. शेवटी खोबरेल चोपडण्याचा आग्रहही मी मोडला, कारण उसाच्या वाटेवरची धूळ त्यावर लगेच बसते.

नऊशे रुपये घेतले. डॉक्टरांच्या मलमाने आठवड्याभरात खपली सुकली आणि कुंपणाला मान घासणे थांबले. पुढच्या वेळीही मामांनाच बोलावणार आहे. फक्त कानांमागच्या जागेवर आधी खडूने खूण करीन, आणि ते फाटकाशी दिसल्याखेरीज घोडी सावलीतून बाहेर काढणार नाही.