प्रबंध रखडलाय: टायमर, अभ्यासिका की जोडीदार?

पीएच.डी.चं प्रकरण लिहायला बसलं की नेमका माळा आवरायची हुक्की येते. तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी माझा माळा दोनदा आवरून झाला. संदर्भ गोळा झाले होते, टिपणंही होती, लिहिणं तेवढं होत नव्हतं. ही चालढकल मोडायला मी तीन उपाय करून पाहिले. तुम्हीही त्यातला कोणता धरावा या विचारात असाल, तर आधी स्वतःला विचारा, आपण टाळतोय ते कंटाळ्याने, मोबाइलमुळे की भीतीने? तिन्हींचं औषध वेगळं आहे.

टायमर सगळ्यात स्वस्त. फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला, म्हणून या पद्धतीचं नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. संदर्भसूची लावणं, मुलाखती उतरवून काढणं, तळटीपा तपासणं अशा किचकट कामाला यासारखं दुसरं काही नाही. पण मुद्दा रचायला बसलं की विसाव्या मिनिटाला कुठे सूर लागतो आणि पंचविसाव्याला घंटा वाजते. मी फेरी ५० मिनिटांची केली, तेव्हा जरा जमलं. घरात असताना कुरिअरवालाही त्याच ५० मिनिटांत येतो, तो भाग वेगळा.

अभ्यासिकेचं तसं नाही. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत एमपीएससीच्या मुलांसाठी त्या गल्लोगल्ली आहेत. महिन्याचे पैसे भरलेले असतात, म्हणून पाय आपोआप घराबाहेर पडतो, आणि आजूबाजूला सगळ्यांच्या माना खाली असल्या की मोबाइल काढायची लाज वाटते. घरची गडबड हीच तुमची अडचण असेल, तर फार विचार करू नका, जागा घेऊन टाका. मात्र तिथली लय वाचनाची आणि पाठांतराची. पुस्तकं पसरायला टेबल पुरत नाही, कीबोर्डची टकटक झाली की शेजारचा वळून बघतो. मी तिथे महिनाभर रोज आठ तास बसले. वाचलं भरपूर, लिहिलं एक पान. वाचन ही संशोधकाची सगळ्यात सभ्य चालढकल आहे, आणि अभ्यासिका तिला छान आसरा देते.

माझं गाडं हललं ते तिसऱ्या उपायाने, म्हणजे लेखनाच्या जोडीदाराने. नागपूरची एक मैत्रीण, विषय वेगळा, गाइड वेगळे. दर रविवारी रात्री नऊला दोघींनी एकमेकींना तीन पानं पाठवायची, कशीही असोत. वाचून मत द्यायचं नाही, फक्त ‘पोचलं’ लिहायचं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल बरीच वर्षं सांगत आले आहेत की चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा भावनांची गोष्ट आहे. काम काढलं की जे नकोसं वाटतं, ते आत्तापुरतं टळावं म्हणून आपण काम पुढे ढकलतो. माझं तेच होतं. गाइड वाचतील, या विचारानेच पहिलं वाक्य अडायचं. न वाचणारी वाचक मिळाली आणि ते सुटलं.

मुदत हवी तर संशोधन सल्लागार समिती आहेच की, असं कुणी म्हणेल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे दर सत्राला तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते, हे खरं. पण आमच्यासारख्यांना सहा महिने म्हणजे पुढचा जन्म. शेवटच्या आठवड्यात स्लाइड्स रंगवल्या की भागतं.

जोडीदार निवडताना एकाच गाइडकडचा नको, तुलना सुरू होते. नवरा-बायको तर नकोच. पानं राहतात बाजूला, जुनी भांडणं निघतात. आणि समोरच्याने दोन रविवार बुडवले, तर संकोच न करता दुसरा शोधा.

आज निवडायचं झालं, तर लेखनाला जोडीदार आणि तळटीपांना टायमर घेईन. अभ्यासिका फक्त घरी पाहुणे असतील तेव्हा.

मैत्रिणीचा प्रबंध माझ्या चार महिने आधी जमा झाला. तरी रविवारी नऊला मी पानं पाठवत राहिले, आणि फाइल न उघडताच ती लिहायची, ‘पोचलं.’