व्हॉट्सअ‍ॅपवरच राहावं की सिग्नलवर जावं?

आम्ही तुमचे मेसेज वाचत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅप सांगतं आणि ते खरं आहे. 2016 पासून तिथला मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कोणालाच वाचता येत नाही; तोही सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपच्याच तंत्राने. म्हणून निवड करताना मजकुराचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच्याभोवतीची माहिती कोणाकडे जाते ते बघा.

रात्री कोणी कर्करोगतज्ज्ञाच्या क्लिनिकला मेसेज केला, लगेच बहिणीला, सकाळी विमा एजंटाला. एक अक्षरही न वाचता घरात काय घडलंय ते कळतं. कोणी कोणाला मेसेज केला याच्या याद्या ठेवत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं; पण त्याचा कोड बाहेरच्यांना तपासायला खुला नाही, त्यामुळे शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं.

माहिती घेण्याची मेटाची, म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीची, कारणं ठरलेली: सेवा सुधारायची आहे, स्पॅम आणि फसवणूक रोखायची आहे, शिवाय तुम्हीच संमती दिली आहे. फसवणुकीचं कारण मी उडवून लावणार नाही. डिजिटल अरेस्टवाले याच अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल करतात, त्यांचे नंबर पकडायला वापराची काही माहिती लागतेच. पण तीच माहिती फेसबुकच्या जाहिरातींसाठी का द्यायची, याचं उत्तर त्यात नाही.

आणि संमती? 2014 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेताना दोन्हीकडची खाती आपोआप नीट जुळवता येणार नाहीत, असं फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं. 2016 मध्ये जुळवण्याची वाट काढली. दिशाभूल केल्याबद्दल 2017 मध्ये 11 कोटी युरो दंड झाला. 2016 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेच्या अटी बदलल्या तेव्हा जुन्या वापरकर्त्यांना जाहिरातींपुरता नकार द्यायला निदान 30 दिवस होते. 2021 च्या नव्या अटींमध्ये तीही सोय राहिली नाही. मान्य करा नाहीतर अ‍ॅप सोडा, याला संमती कसं म्हणायचं? भारतीय स्पर्धा आयोगालाही हे पटलं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याने मेटाला 213.14 कोटींचा दंड केला. अपिलात 2025 मध्ये दंड टिकला, जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठली.

सिग्नलला अशी कारणं द्यावीच लागत नाहीत. 2016 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन आदेशानंतर त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कोड खुला, जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर. व्हॉट्सअ‍ॅपचेच सहसंस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनी बाहेर पडल्यावर 2018 मध्ये त्यात 5 कोटी डॉलर घातले. उणिवाही आहेत. खातं उघडायला फोन नंबर लागतोच, यूपीआय नाही, आणि गावाकडचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी, गॅसवाला यांपैकी तिथे कोणी सापडत नाही. हीच खरी अडचण आहे.

टेलिग्राम सुरक्षित म्हणून घेत असाल तर थांबा. तिथल्या साध्या गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, ग्रुप तर कधीच नाहीत.

वकील, पत्रकार, डॉक्टर असाल किंवा घरात आजारपण, कोर्टकचेरी सुरू असेल तर ते बोलणं आजच सिग्नलवर न्या. त्यासाठी सगळं गाव हलवावं लागत नाही, समोरच्या तीन-चार माणसांनी अ‍ॅप घेतलं की झालं. बाकीच्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप राहू द्या, पण चॅट बॅकअपमध्ये जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. तो आपोआप चालू झालेला असेलच असं नाही.